रेजा आणि गृहिणी : भिलाईच्या संदर्भात जाहिरातींतील लिंगभाव

जाहिरात वस्तूबरोबर स्त्री-पुरुषांच्या साचेबंद प्रतिमाही विकते, हे आता सर्वमान्य झाले आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७० च्या दशकात छापील जाहिरातींतील देहस्थितींचा अभ्यास करून या साच्याचे जणू व्याकरणच मांडले. परंतु असा साचा कोणत्या सामाजिक भूमीत रुजतो, याचे उत्तर स्थानिक इतिहासातच शोधावे लागते. त्या दृष्टीने भिलाईचे उदाहरण उद्बोधक आहे.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उभारणीच्या काळात डोक्यावरून विटा-वाळू वाहणाऱ्या छत्तीसगढी मजूर स्त्रिया ‘रेजा’ म्हणून ओळखल्या जात. कारखाना सुरू झाल्यावर कायम नोकऱ्या मात्र मुख्यतः पुरुषांच्या वाट्याला आल्या. कायम कामगाराच्या पत्नीने मजुरी सोडणे हे प्रतिष्ठेचे लक्षण कसे ठरले, हे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी दीर्घ क्षेत्राभ्यासातून दाखविले आहे. स्त्रियांचे श्रम संपले नव्हते. ते ठेकेदारीच्या आडोशाला गेले होते. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मधील गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनसूयाबाई ही स्त्रीही होती.

१९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या आणि १९८२ नंतर रंगीत राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर त्या घरोघरी पोहोचल्या. सर्फच्या जाहिरातीतील ललिताजी चतुर आणि करारी होती. पण तिच्या बुद्धीचे क्षेत्र बाजारहाटापुरतेच मर्यादित होते. प्रेस्टीज कुकरच्या जाहिरातीत पतीच्या प्रेमाची कसोटी त्याने केलेली खरेदी हीच ठरली. एका प्रतिमेत स्त्रीचे श्रम अदृश्य झाले, तर दुसरीत पुरुषाचे मोल त्याच्या मिळकतीवर टांगले गेले. भिलाईत ही विभागणी जाहिरातींनी निर्माण केली नाही. नियमित पगाराने आधीच घडविलेल्या चित्राला त्यांनी चेहरा दिला.

या साच्याची झळ पुरुषांनाही लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यास कारखान्यात सुमारे ६५ हजार कर्मचारी होते. पुढील काळात ही संख्या निम्म्याहून खाली गेली. कायम नोकरी मिळणे दुरापास्त झाले, तरी ‘कमावता पुरुष’ ही अपेक्षा तशीच राहिली. गौरवर्णाचा आग्रहही एका बाजूस थांबला नाही : स्त्री-संघटनांच्या तक्रारींनंतर फेअर अँड लव्हलीच्या काही जाहिराती २००३ मध्ये मागे घेतल्या गेल्या, २००५ मध्ये पुरुषांसाठीचे स्वतंत्र क्रीम बाजारात आले.

याच परिसरातील गनियारी गावच्या तीजनबाईंनी मात्र वेगळी प्रतिमा उभी केली. पंडवानीची उभ्याने सादर करावयाची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. समाजाचा रोष पत्करून त्यांनी ती स्वीकारली. हातातील तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचे धनुष्य. पुढे त्या भिलाई कारखान्याच्या सेवेत आल्या आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणाच्या मानकरी ठरल्या. लोकपरंपरेत एकाच देहातून स्त्री आणि पुरुष दोघेही बोलू शकले. जाहिरातीने त्यांना वेगवेगळ्या चौकटींत बसविले.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये लिंगभावविषयक साचेबंद चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांमुळे पडद्यावरील गृहिणीचे चित्रण बदलू शकेल. परंतु ज्या रेजेने हे शहर उभारले ती त्या पडद्यावर कधी आलीच नाही, आणि जी प्रतिमा नाहीच तिची दुरुस्ती नियमांनी होत नाही. म्हणून जाहिरातींच्या अभ्यासाला श्रमाच्या इतिहासाची जोड देणे अगत्याचे ठरते.