फळ पिकविणाऱ्या वायूचा शोध : इथिलीन, पेशीय संदेशवहन आणि स्वाद यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कच्च्या फळाचे पक्व फळात रूपांतर होताना रंग, मऊपणा, गोडी आणि सुगंध असे चार बदल एकाच वेळी घडताना दिसतात. त्यामुळे हे चारही बदल म्हणजे एकच क्रिया, असा समज दीर्घकाळ रूढ होता. रंग आला म्हणजे फळ पिकले, हा बाजारातील व्यवहारही याच समजावर उभा राहिला. विसाव्या शतकात इथिलीन या वायुरूप वनस्पती-संजीवकावर झालेल्या संशोधनाने मात्र हा समज अपुरा ठरविला. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे प्रमुख टप्पे आणि त्यातून स्पष्ट झालेले संजीवक, पेशीय संदेशवहन व स्वाद यांचे नाते यांचा आढावा घेतला आहे.

पारंपरिक ज्ञान

कारण ठाऊक नसतानाही मानवाने या वायूचा उपयोग करून घेतला होता. उंबराच्या जातकुळीतील सायकॅमोर अंजिराला चिरा पाडल्याशिवाय ते पिकत नाही, अशी नोंद ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टसने केली आहे. जखम झालेल्या ऊतींमध्ये इथिलीन अधिक तयार होते, हे त्यामागील कारण आज ज्ञात आहे. पाडाला लागलेला आंबा उतरवून गवताच्या आढीत घालण्याची कोकणातील पद्धतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. आढीमध्ये ऊब टिकते आणि फळांनी सोडलेला वायू फळांभोवतीच कोंडून राहतो. एक फळ पिकू लागले की त्याच्या शेजारची फळेही पिकू लागतात.

दिव्याच्या वायूपासून संजीवकापर्यंत

इथिलीनचा शास्त्रीय इतिहास फळापासून नव्हे, तर रस्त्यावरील दिव्यांपासून सुरू होतो. युरोपातील शहरांत दिव्यांसाठी कोळशापासून बनविलेला वायू नळांतून पुरविला जात असे. गळक्या नळांजवळील झाडांची पाने अकाली गळतात, याची नोंद १८६४ मध्ये झाली. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकास अंधारात वाढविलेली वाटाण्याची रोपे सरळ न वाढता आडवी वाढताना आढळली. प्रयोगशाळेच्या हवेत मिसळलेल्या दिव्याच्या वायूमधील इथिलीन हा घटक त्यास कारणीभूत आहे, हे त्याने सिद्ध केले.

१९१० मध्ये जमैकातील कझिन्स यांनी संत्री आणि केळी जहाजावर एकत्र ठेवू नयेत, असे सुचविले. कारण संत्र्यांच्या सान्निध्यात केळी अकाली पिकत. संत्री स्वतः इथिलीन फारच थोडे निर्माण करतात. त्यामुळे हा परिणाम बहुधा संत्र्यांवरील बुरशीचा असावा, असे नंतरच्या अभ्यासकांनी मानले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हिरव्या लिंबांना पिवळा रंग यावा म्हणून ती केरोसीनच्या शेगड्या असलेल्या खोल्यांत ठेवली जात. रंग उष्णतेने नव्हे, तर शेगडीच्या धुरातील इथिलीनने येतो, हे डेनी यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदे स्वतःच इथिलीन निर्माण करतात, याचा रासायनिक पुरावा दिला. १९३५ मध्ये क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिलीन हे वनस्पतीचे संजीवक असल्याचे प्रतिपादन केले. एक साधा वायू संजीवक असू शकतो, हे अनेकांना पटण्यास वेळ लागला. १९५९ मध्ये बर्ग आणि थिमन यांनी वायु-वर्णलेखन तंत्राने अत्यल्प इथिलीनचे मोजमाप केले, तेव्हा या विचाराला बळकटी आली. १९७९ मध्ये अ‍ॅडम्स आणि यांग यांनी मेथिओनिन या अमिनो आम्लापासून इथिलीन बनण्याच्या मार्गातील एसीसी हा मधला दुवा शोधला.

संदेशवहनाचा उलगडा

पेशीला या वायूची जाणीव कशी होते, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित होता. त्याचे उत्तर मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीने दिले. १९८८ मध्ये ब्लीकर व सहकाऱ्यांनी इथिलीनला प्रतिसाद न देणारे उत्परिवर्तित रोप वेगळे केले. १९९३ मध्ये कॅरेन चँग व सहकाऱ्यांनी त्यातील ईटीआर-१ हे जनुक ओळखले. वनस्पती-संजीवकाचा हा पहिला ज्ञात ग्राही होय.

या यंत्रणेची रचना अपेक्षेच्या उलट निघाली. इथिलीन नसताना ग्राही सक्रिय असतो आणि सीटीआर-१ या प्रथिनाच्या साहाय्याने पुढील प्रतिसाद रोखून धरतो. इथिलीन ग्राहीला चिकटताच हा रोध उठतो. त्यानंतर ईआयएन-२ या प्रथिनाचा एक भाग तुटून केंद्रकात जातो, असे २०१२ मध्ये दिसून आले. तेथे ईआयएन-३ हे नियंत्रक प्रथिन टिकून राहते आणि अनेक जनुके कार्यान्वित होतात. म्हणजेच इथिलीन पेशीला नवी आज्ञा देत नाही, तर आधीची मनाई उठविते. टोमॅटोच्या ‘नेव्हर-राइप’ या न पिकणाऱ्या वाणातील दोष अशाच एका ग्राहीच्या जनुकात असल्याचे १९९५ मध्ये स्पष्ट झाले.

स्वादाचा स्वतंत्र विचार

१९९१ मध्ये ओलर व सहकाऱ्यांनी इथिलीन जवळजवळ न बनविणारे टोमॅटो तयार केले. ते आपोआप पिकले नाहीत. बाहेरून इथिलीन दिल्यावर मात्र रंग, गंध व मऊपणा यांसह पिकले. १९९६ मध्ये फ्रान्समधील शारांते खरबुजावर असाच प्रयोग झाला. त्यातील निष्कर्ष अधिक सूक्ष्म होते. या फळाच्या गराचा केशरी रंग आणि साखर इथिलीनवाचूनही निर्माण झाली. परंतु सुगंध देणारी एस्टर संयुगे खूपच घटली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील सफरचंदांवरील प्रयोगांतही साखर व आम्ले यांत फारसा फरक न पडता एस्टर कमी झाले. एस्टर बनविणाऱ्या अल्कोहोल अ‍ॅसिलट्रान्सफरेज या विकराचे कार्य इथिलीनच्या नियंत्रणाखाली असल्याचे यातून समोर आले.

व्यापाराच्या दृष्टीने या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. १-एमसीपी हा वायू इथिलीनच्या ग्राहीला घट्ट चिकटून पिकण्याची क्रिया थांबवितो. सिस्लर आणि ब्लँकेनशिप यांना १९९६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. या वायूमुळे सफरचंद दीर्घकाळ करकरीत राहते. परंतु त्याच्या सुगंधात घट होते. टिकाऊपणा आणि स्वाद यांतील हा संघर्ष त्या एकाच संदेशमार्गातून उद्भवतो.

हापूसच्या संदर्भात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अभ्यास उल्लेखनीय आहेत. कच्च्या हापूसमध्ये टर्पीन वर्गातील संयुगांचे प्राबल्य असते, तर लॅक्टोन व फ्युरानोन ही संयुगे पिकताना प्रकट होतात, असे त्यांतून दिसते. कोवळे फळ उतरवून त्यास कॅल्शियम कार्बाइड लावल्यास त्यापासून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू इथिलीनची दुबळी नक्कल करतो. सालीला रंग येतो. पण ज्या फळात स्वादासाठी लागणारा कच्चा माल पुरेसा साठलेलाच नाही, तेथे मनाई उठवूनही स्वाद निर्माण होत नाही. शिवाय कार्बाइडमधील आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश आरोग्यास घातक असतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी कार्बाइड वायूने पिकविलेल्या फळांची विक्री निषिद्ध ठरविली आणि २०१६ मध्ये दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास मान्यता देण्यात आली.

समारोप

इथिलीनच्या संशोधनाचा इतिहास हा रंगाकडून स्वादाकडे झालेला प्रवास आहे. लिंबाचा पिवळेपणा हे प्रारंभीचे साध्य होते. सुगंध हा त्याच संदेशमार्गाचा परिणाम असला तरी तो रंगाबरोबर आपोआप येतोच असे नाही, हे ज्ञान सुमारे सात दशकांनंतर आले. कायद्याने घातक रसायन दूर ठेवता येते. पण फळ योग्य पक्वतेला उतरविले गेले की नाही, हे शेतातच ठरते. पाड पाहून आंबा उतरविणाऱ्या आणि मगच आढी लावणाऱ्या परंपरेतील विवेक आधुनिक पेशीविज्ञानाने अधोरेखित केला आहे, असे म्हणता येईल.