मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक : परकीय संरक्षण आणि खनिज सवलती (१८९९ ते २०२३)

आफ्रिकेतील दुर्बल राष्ट्रांत परकीय सत्तांची जी चढाओढ दिसते तिला 'नववसाहतवाद' असे संबोधण्याचा प्रघात आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचा इतिहास पाहता मात्र तीत नवे फारच थोडे आढळते. या भूवेष्टित देशात संरक्षणाचा मोबदला बहुधा भूमीतून आणि भूगर्भातील खनिजांतूनच दिला गेला.

या प्रदेशाचे वसाहतकालीन नाव उबांगी-शारी. १८९९ मध्ये फ्रेंच सरकारने तत्कालीन फ्रेंच काँगोचा मोठा भूभाग सुमारे ४० खाजगी कंपन्यांना ३० वर्षांच्या मुदतीने दिला. प्रशासनाचा खर्च वाचावा हा त्यामागील हेतू होता. कंपन्यांनी रबर व हस्तिदंत यांसाठी सक्तीची मजुरी लादली आणि गावेच्या गावे ओस पडली.

स्वातंत्र्यलढ्याचे नेते बार्थेलेमी बोगांडा १९५९ मध्ये विमान अपघातात मरण पावले. १३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तरी संरक्षणव्यवस्था फ्रान्सच्याच हाती राहिली. १९६५ च्या अखेरच्या रात्री सत्ता बळकावणाऱ्या बोकासाने ४ डिसेंबर १९७७ रोजी स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करविला. त्याच्या खर्चाचा मोठा भार फ्रान्सने उचलला. पुढे हाच सम्राट अडचणीचा ठरला. सप्टेंबर १९७९ मध्ये तो लिबियात असताना फ्रेंच सैन्याने 'बाराकुडा' मोहिमेद्वारे माजी अध्यक्ष डाको यांना पुन्हा सत्तेवर बसविले. बोकासाने दिलेल्या हिऱ्यांचे प्रकरण त्यानंतर फ्रेंच अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांना भोवले व १९८१ ची निवडणूक ते हरले.

या इतिहासात स्थानिक राज्यकर्त्यांना केवळ बाहुले मानणे योग्य ठरणार नाही. १९९६-९७ च्या लष्करी बंडांनंतर फ्रान्सने बुआर व बांगी येथील तळ १९९८ मध्ये बंद केले, तेव्हा अध्यक्ष पातासे यांनी लिबियाचे सैनिक आणि काँगोतील बेंबा यांचे बंडखोर मदतीस बोलाविले. त्यांना पदच्युत करणारे बोझिझे २००३ मध्ये चाडच्या पाठिंब्याने आले. संरक्षक निवडणे आणि गरजेप्रमाणे बदलणे, हीच येथील राजनीती झाली होती.

मार्च २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी बांगी ताब्यात घेतले. फ्रान्सची 'सांगारिस' मोहीम डिसेंबर २०१३ ते ऑक्टोबर २०१६ चालली. २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे आली. परंतु शस्त्रबंदीमुळे २०१६ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष तुआदेरा यांचे सैन्य जवळजवळ निःशस्त्र होते. फ्रान्सने सोमालियाच्या किनाऱ्यालगत जप्त केलेली शस्त्रे देऊ केली. रशियाने त्यास हरकत घेतली आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरक्षा परिषदेकडून सवलत मिळवून स्वतःची शस्त्रे धाडली. त्यांसोबत आलेल्या १७५ प्रशिक्षकांपैकी १७० जण 'नागरी' होते, म्हणजे प्रत्यक्षात वाग्नर या खाजगी सेनेशी निगडित. त्यांचे शिबिर बेरेंगो येथे, बोकासाच्या उजाड प्रासादात उभे राहिले.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, लोबाये इन्व्हेस्ट या रशियन कंपनीस सोने व हिरे शोधण्याचे परवाने मिळाले. न्दासिमा येथील सुवर्णखाणीचा कॅनडातील अ‍ॅक्समिन कंपनीचा परवाना रद्द होऊन ती खाण मिदास रिसोर्सेसकडे गेली. वाग्नरशी संबंध असल्यावरून अमेरिकेने २०२३ मध्ये मिदासवर निर्बंध लादले. १८९९ च्या कंपन्या निदान करारात नमूद तरी होत्या. येथे सैनिक कोणाचे आणि खाण कोणाची, हे कागदोपत्री उघड होत नव्हते.

डिसेंबर २०२० मध्ये बंडखोर राजधानीकडे सरकले, तेव्हा रशियनांच्या जोडीला रवांडाचे सैन्य आले. त्यामागोमाग खाणकाम व शेती या क्षेत्रांत रवांडाचे व्यावसायिकही आले. फ्रान्सचे शेवटचे सैनिक डिसेंबर २०२२ मध्ये परतले. जुलै २०२३ च्या सार्वमताने अध्यक्षपदाच्या दोन कार्यकाळांची मर्यादा हटली. ऑगस्टमध्ये वाग्नरप्रमुख प्रिगोझिन मरण पावला, परंतु बांगीतील रशियन तुकडी हलली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस तुआदेरा सरकारने एका अमेरिकी सुरक्षा संस्थेशीही बोलणी आरंभिली.