कप्प्यातली कागदी पट्टी आणि ‘इम्पोर्ट’ची ओळ

सास्तूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलं. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं हे गाव. शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांना त्या पायथन ही संगणकाची भाषा शिकवतात. मुलांनी मिळून हजेरीची एक आज्ञावली लिहिली होती. तिच्या दोन फाईली होत्या. एकीत ‘महिना’ नावाचा क्लास, आणि दुसरीत तो क्लास बोलावून घेणारी मुख्य आज्ञावली. पहिल्या फाईलीला त्यांनी नाव दिलं ‘कॅलेंडर’. सगळं सुरळीत चाललं. पुढे फेब्रुवारी आला. या वर्षी २८ दिवस धरायचे की २९, हे पायथनलाच विचारू या म्हणून त्यांनी पायथनसोबत येणारं तयार ‘कॅलेंडर’ बोलावलं. महिन्याचे दिवस सांगणारी सोय त्यात आहे, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. संगणक म्हणाला, अशी काही सोय ‘कॅलेंडर’मध्ये नाही. बाईंनी पायथन काढून पुन्हा बसवलं. दोन दिवस गेले. मशीनच बिघडलं, असं मुलांनी ठरवून टाकलं.

मशीन बिघडलेलं नव्हतं. बाईंची आणि पायथनची फाईल एकाच नावाची होती आणि पायथनने बाईंची उचलली, एवढंच झालं होतं. हे कळवल्यावर त्यांचं दुसरं पत्र आलं, आणि त्यातल्या प्रश्नामुळे आम्ही हा लेख लिहायला घेतला. त्यांनी विचारलं होतं : ‘माझीच का उचलली? आणि हे एका फाईलीतून दुसरीत बोलावणं मुळात सुरू कसं झालं?’

आधी शब्दांची उकल करू. ‘क्लास’ म्हणजे वर्ग, पण आठवी-ब सारखा मुलांचा वर्ग नव्हे. हजेरीपटाचा कोरा छापील नमुना डोळ्यांपुढे आणा. रकाने ठरलेले, बेरीज कशी करायची तेही ठरलेलं. त्या एका नमुन्यावरून जूनचा पट तयार होतो, जुलैचा होतो. क्लास म्हणजे हा नमुना. ज्या फाईलीत असे नमुने आणि इतर सूचना लिहून ठेवल्या आहेत, तिला ‘मोड्यूल’ म्हणतात. ‘कॅलेंडर’मधून ‘महिना’ आणायचा तर मुख्य फाईलीत एक ओळ लिहायची : फ्रॉम कॅलेंडर इम्पोर्ट महिना. (फ्रॉम आणि इम्पोर्ट हे शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावे लागतात. पण २००८ च्या पायथन ३ पासून ‘महिना’सारखी आपण ठेवलेली नावं देवनागरीतही चालतात.)

या ओळीचा उगम शोधत गेलं की आपण केंब्रिजला पोचतो. तिथल्या विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली ‘एडसॅक’ हा संगणक उभा राहिला. ६ मे १९४९ रोजी त्याने पहिली आज्ञावली पार पाडली आणि ० ते ९९ या संख्यांच्या वर्गांचं कोष्टक छापलं. (हे तिसऱ्याच अर्थाचे वर्ग!) आज्ञा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्रात जात. थोड्याच दिवसांत विल्क्स यांच्या लक्षात आलं की आपलं पुढचं बरंचसं आयुष्य आपल्याच आज्ञावल्यांमधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. वर्गमूळ काढणं, साइन-कोसाइन काढणं, उत्तर छापणं ही कामं प्रत्येकालाच लागत. ती प्रत्येकाने नव्याने लिहायची म्हणजे प्रत्येकाने नव्याने चुकायचं. त्यापेक्षा एकदा लिहून, तपासून, पट्टी पोलादी कपाटाच्या कप्प्यात ठेवावी. ज्याला हवी त्याने तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवून घ्यावी. ही त्यांची उपआज्ञावल्यांची लायब्ररी.

बोलायला सोपं वाटतं, पण त्यात दोन अडचणी होत्या. त्या सोडवल्या डेव्हिड व्हीलर या तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने.

पहिली अडचण जागेची. संगणकाच्या स्मृतीत क्रमांक दिलेली घरं असतात आणि ‘१०५ व्या घरातला आकडा घे’ अशी आज्ञा असते. वर्गमूळाची उपआज्ञावली एका आज्ञावलीत १०० व्या घरापासून बसेल, दुसरीत ३०० व्यापासून. मग आत लिहिलेला १०५ हा पत्ता दुसऱ्या वेळी चुकीचा ठरणार. सास्तूर परिसरातल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. गाव हललं की गटनंबर निरुपयोगी होतो. ‘देवळापासून पाचवं घर’ हा पत्ता मात्र टिकू शकतो, पण आतली मांडणी तशीच राहिली तरच. (प्रत्यक्षात नव्या गावांची आखणी चौकोनी, रुंद रस्त्यांची झाली आणि जुने शेजार मोडले. संगणकाच्या स्मृतीत तेवढं तरी होत नाही.) व्हीलरने पत्ते असेच, उपआज्ञावलीच्या सुरुवातीपासून मोजून लिहिण्याची सोय केली. पट्टी वाचली जात असताना यंत्रच त्यात सुरुवातीच्या घराचा क्रमांक मिळवून खरा पत्ता तयार करी. सप्टेंबर १९४९ मध्ये वापरात आलेल्या ४१ आज्ञांच्या एका छोट्या आज्ञावलीत हे सारं बसवलेलं होतं.

दुसरी अडचण परतीची. वर्गमूळ काढून झालं, आता परत कुठे जायचं? बोलावणारे अनेक, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. ‘बोलावलं तिथे परत जा’ अशी आज्ञा एडसॅकला ठाऊकच नव्हती. व्हीलरने युक्ती काढली ती अशी. बोलावणाऱ्याने जाताना स्वतःचा ठावठिकाणा सोबत न्यायचा. उपआज्ञावलीने काम सुरू करण्याआधी त्यावरून परतीची आज्ञा तयार करून आपल्याच शेवटी चिकटवायची. पत्रासोबत आपला पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड जोडतात, तसंच हे.

१९५१ पर्यंत या कपाटात ८७ उपआज्ञावल्या जमल्या. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. आज्ञावल्या कशा लिहाव्यात यावरचं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. आम्हाला मात्र व्हीलरचा १९५२ सालचा छोटासा निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात तो म्हणतो की उपआज्ञावली लिहून, तपासून, कपाटात ठेवली तरी एक काम उरतंच, आणि बहुधा तेच सर्वांत कठीण असतं. आतली रचना माहीत नसलेल्या माणसालाही ती वापरता येईल, असं तिचं वर्णन लिहिणं. ज्याने वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगायचा प्रयत्न केला आहे, त्याला हे लगेच पटेल.

आपल्याकडेही या काळाचा एक साक्षीदार होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एवढ्याशा जागेत एकच काम दोनदा लिहून ठेवणं परवडणारं नव्हतं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं, आणि त्यासोबत फोरट्रान भाषा.

फोरट्रानमध्ये उपआज्ञावली वेगळी लिहून, वेगळी भाषांतरित करून मग जोडता येई. पण तिथे नवाच घोळ झाला. नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, आणि साऱ्या उपआज्ञावल्यांची नावं एकाच अंगणात. दोघांनी दोन वेगळ्या कामांना एकच नाव दिलं की भांडण ठरलेलं. सास्तूरच्या बाईंची अडचण म्हणजे याच भांडणाचा नातू.

याच दशकात ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा तयार केली आणि ‘क्लास’ हा शब्द रूढ केला. बंदरातली जहाजं, रांगेतली गिऱ्हाइकं यांच्या हालचालींची नक्कल संगणकावर करायची, तर एका नमुन्यावरून अनेक जहाजं बनवता यायला हवीत, ही त्यामागची गरज.

क्लास मिळाला तरी फाईली कुठे तोडायच्या, हा प्रश्न उरलाच. आम्हालाही पूर्वी वाटे की कामाच्या टप्प्यांप्रमाणे तोडाव्यात : आधी माहिती घेणं, मग हिशेब, मग छपाई. डेव्हिड पार्नस यांनी डिसेंबर १९७२ च्या एका लेखात दाखवलं की ही तोडणी महागात पडते. उद्या माहिती साठवण्याची पद्धत बदलली तर तिन्ही फाईली बदलाव्या लागतात. त्यापेक्षा जे बदलण्याचा संभव आहे, ते एकेका मोड्यूलमध्ये झाकून ठेवा. बाकीच्यांना फक्त दार दिसावं, आतलं सामान नाही. मुलांच्या ‘महिना’ क्लासचंच पाहा. हजेरी आत ‘ह’ आणि ‘ग’ अशी ठेवली आहे की १ आणि ० अशी, हे मुख्य फाईलीला कळता कामा नये. तिने फक्त ‘एकूण उपस्थिती सांग’ म्हणावं.

हा विचार भाषेच्या व्याकरणातच उतरवला झुरिकच्या निक्लाउस वीर्ट यांनी. त्यांच्या पास्कल भाषेत मोड्यूल नव्हते. १९७६-७७ मध्ये ते कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत वर्षभर राहिले. तिथे त्यांनी ‘मेसा’ ही भाषा पाहिली आणि परतल्यावर ‘मोड्यूला-२’ रचली. तीत प्रत्येक मोड्यूलचे दोन भाग असत. एक जाहीर करण्याचा, दुसरा आतल्या कामाचा. आणि वापरणाऱ्याने वर लिहायचं : अमुक मोड्यूलमधून अमुक नाव इम्पोर्ट. ‘फ्रॉम... इम्पोर्ट...’ ही ओळ या घराण्यातली. नावांचं एकच सामाईक अंगण संपलं आणि प्रत्येक मोड्यूलला स्वतःचं घर मिळालं.

गीडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅममध्ये डिसेंबर १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. मोड्यूलची पद्धत त्यांनी ‘मोड्यूला-३’ या पुढच्या पिढीच्या भाषेवरून घेतली, पण ती फार सैल केली. जाहीर करण्याचा वेगळा भाग नाही. साधी फाईल हेच मोड्यूल. झाकायचं नाव असेल तर त्यापुढे एक अधोरेषा लिहायची, आणि इतरांनी ती पाळायची. कुलूप नाही, नुसती पाटी. नवशिक्या मुलांसाठी हा सैलपणा चांगला आहे, असं आमचं मत आहे.

आता बाईंचा प्रश्न. इम्पोर्टची ओळ दिसली की पायथन प्रथम पाहतो की हे मोड्यूल याआधी आणलेलं आहे का. असेल तर तेच देतो, फाईल पुन्हा वाचत नाही. (म्हणून पायथन चालू ठेवून मोड्यूलमध्ये दुरुस्ती केली तर ती लगेच दिसत नाही. मुलं इथे हमखास गोंधळतात.) नसेल, तर पायथनच्या पोटातच असलेली थोडी मोड्यूलं पाहतो. तिथेही नसेल तर जागांची एक यादी क्रमाने धुंडाळतो. यादीत पहिली जागा चालवलेल्या फाईलीचा स्वतःचा फोल्डर, मग पायथनसोबत आलेली लायब्ररी, मग आपण नंतर बसवलेली पॅकेजेस. नाव जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे शोध संपतो. आपल्या फोल्डरला पहिला मान आहे म्हणूनच आपली मोड्यूलं काहीही न बसवता सापडतात. त्याच मानामुळे बाईंच्या ‘कॅलेंडर’ने पायथनच्या ‘कॅलेंडर’ला झाकलं. सापडलेली फाईल पायथन वरपासून खालपर्यंत चालवतो. एकच क्लास मागितला तरी चालते ती संपूर्ण फाईल. हाती मात्र मागितलेलं नावच येतं.

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून पायथन स्वतःच सुचवतो, तुमच्या फाईलीचं नाव लायब्ररीतल्या मोड्यूलसारखंच आहे, ते बदलून पाहा. बाईंच्या शाळेतली आवृत्ती जुनी होती. पायथन २ मध्ये तर फाईलीचं नाव बदलूनही भागत नसे. तिची भाषांतरित प्रत त्याच फोल्डरमध्ये जुन्या नावाने मागे राही आणि भुतासारखी पुन्हा इम्पोर्ट होई. २०११ च्या ३.२ आवृत्तीत या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा ते थांबलं.

नावाची चूक निदान आरडाओरडा करते. वर्णनाची चूक गप्प बसते. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘एरियान ५’ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, प्रज्वलनानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला आज्ञावलीचा एक भाग ‘एरियान ४’ वरून जसाच्या तसा आणला होता. तिथे तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता. त्यावरून आलेला आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. आणलेल्या भागात चूक नव्हती. वेग अमुक मर्यादेतच राहील हे गृहीतक वापरणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हतं. व्हीलरचं ते सर्वांत कठीण काम अपुरं राहिलं होतं.

बाईंनी आता फाईलीचं नाव ‘शाळादिन’ ठेवलं आहे आणि फेब्रुवारीचे दिवस बरोबर येतात. मुलांनी त्या फाईलीच्या डोक्यावर दोन ओळी लिहिल्या आहेत, त्याही त्यांनी कळवल्या : ‘हा क्लास जून ते एप्रिल एवढेच महिने धरतो. शनिवारची शाळा पूर्ण दिवस मोजतो.’ दुसरी ओळ एका मुलीने घालायला लावली म्हणे. तिच्या भावाच्या शाळेत शनिवार अर्धा धरतात.