सागवान, पितळ आणि काच : निजाम राज्यातील मोठ्या कॅमेऱ्यांचा काळ

मराठवाड्यातील लेणी, किल्ले आणि राजवाडे यांची जी जुनी छायाचित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांची स्पष्टता पाहून मन थक्क होते. कैलास लेण्याच्या शिखरावरील बारीक कोरीवकाम, देवगिरीच्या तटाचा एकेक चिरा त्यांत मोजता येतो. ही चित्रे घेणारे यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी, चामड्याचा भाता, पितळी बिजागऱ्या, पुढे भिंग आणि मागे काचेची प्लेट, एवढेच होते. मात्र या प्रत्येक पदार्थाच्या निवडीमागे काही कारण होते, आणि ते कारण पुष्कळदा आपल्याकडील ऊन, पाऊस व वाळवी हेच होते.

नांदेड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूरही त्याच मुलखात मोडत असे. या संस्थानाच्या दरबारी छायाचित्रकाराचे नाव लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे तयार करण्याच्या कामावर रुजू झाले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आश्रय दिला. पुढे त्यांनी सिकंदराबाद येथे स्टुडिओ थाटला, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला, आणि १८९६ मध्ये मुंबईतही त्यांची शाखा निघाली. नकाशानवीसाची शिस्त आणि जवाहिऱ्याच्या घरातील नजर या दोहोंचा त्यांच्या कामात मिलाफ झाला, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

कॅमेरा एवढा मोठा का असे, हे प्रथम समजून घ्यावे लागेल. त्या काळचा छपाईचा कागद इतका मंद होता की चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून धरावयाची आणि उन्हात ठेवावयाची, हीच रीत होती. म्हणजे जेवढी काच तेवढेच चित्र. दहा इंच बाय बारा इंच आकाराचे चित्र हवे असेल तर कॅमेऱ्यात तेवढीच काच बसली पाहिजे. अडीच मिलिमीटर जाडीची अशी एक काच जवळजवळ अर्धा किलो भरते. डझनभर काचा म्हणजे सहा किलोंच्या घरात. त्यावर पेटी, तिवई, भिंगे आणि रसायनांच्या बाटल्या. मनमाड–हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. निजामाच्या मुलखातील दृश्यांचा दीनदयाळांचा आल्बम मात्र १८९२ चा आहे. त्या वेळी नांदेडला आगगाडीच नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे या ओझ्याचा अर्थ कळतो.

वजन कमी करण्याची पहिली मोठी युक्ती स्कॉटलंडचे वास्तुविशारद किनिअर यांनी १८५७ मध्ये काढली. तोवर एका पेटीत दुसरी पेटी सरकवून भिंग मागेपुढे केले जाई. किनिअर यांनी निमुळता भाता योजला. मागे रुंद व पुढे अरुंद असल्यामुळे त्याच्या घड्या एकीत एक बसत आणि कॅमेरा मिटून जाडजूड पोथीएवढा होई.

पेटीसाठी इंग्लंडातील कारागीर वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेतील महोगनी वापरीत. ते दिसावयास सुंदर होतेच, परंतु खरे कारण निराळे होते. छायाचित्रकार काळ्या फडक्याखाली डोके घालून घासलेल्या काचेवर उलटे पडलेले चित्र पाहतो आणि ते नेमके करतो. मग ती काच बाजूस करून तिच्या जागी प्लेट बसवितो. घासलेली काच आणि प्लेटचा रासायनिक थर हे दोन्ही अगदी एकाच प्रतलात आले पाहिजेत. लाकूड पावसाळ्यात फुगले वा उन्हाळ्यात आकसले की हा मेळ बिघडतो, आणि भरात घेतलेले चित्र धूसर निघते. महोगनी नीट मुरवली म्हणजे फारशी हलत नाही, हा तिचा गुण.

उष्ण प्रदेशासाठी मात्र सागवानाच्या पेट्या निघाल्या. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी व दमट हवा यांना ते दाद देत नाही, हे किनवट-माहूरच्या अरण्याशेजारी राहणाऱ्यांना सांगावयास नको. दुसरी अडचण सरसाची. सांधे सरसाने जोडलेले असत आणि सरस पावसाळ्यात मऊ पडतो. म्हणून भारतासारख्या देशांत पाठवावयाच्या कॅमेऱ्यांच्या कोपऱ्यांना पितळी पट्ट्या लावून त्या स्क्रूंनी आवळीत. आज संग्रहालयात ही पितळ पाहून लोक तिला नक्षी समजतात. ती मुळात पावसाळ्याची तरतूद होती. लोखंड स्वस्त पडले असते, पण त्याला गंज चढतो.

रचनेतील खरी करामत पुढच्या पाटीत आहे. भिंग बसविलेली ही पाटी वर सरकविता येई. वेरूळच्या इंद्रसभेसारख्या लेण्यात उभे राहिले म्हणजे तिचे मोल कळते. अंगण लहान, समोर एकाश्म मंदिर आणि उंच मानस्तंभ. मागे सरकावयास जागा नाही. अशा ठिकाणी साधा कॅमेरा वर रोखला की स्तंभ वरच्या बाजूस एकमेकांकडे कललेले दिसतात. मोठ्या कॅमेऱ्यात मागची प्लेट ओळंब्यात ठेवून केवळ भिंग वर उचलले की स्तंभ सरळच राहतात आणि माथाही चित्रात येतो. वास्तूचे चित्र नकाशाइतके विश्वसनीय होते ते यामुळे. ज्या राष्ट्रकूटांनी कैलास कोरविले, ते स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. लत्तलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता काचेकडे वळू. १८५१ मध्ये आर्चर यांनी शोधलेल्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर ईथरमिश्रित कलोडियन ओतावे लागे आणि ते ओले असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. ईथर पस्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. वैशाखात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ही पद्धत आपल्याकडे किती दगदगीची होती, याची कल्पना करावी. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची वाट दाखविली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार प्लेटा बाजारात आल्या. अंधाऱ्या तंबूचे लटांबर गेले. पण जिलेटिन कोमट पाण्यात सैल पडते, थराच्या कडांना चुण्या पडतात. त्यावर उपाय तुरटीचा. आपल्या घराघरांतील तुरटीने कितीतरी निगेटिव्ह वाचविले आहेत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाता चामड्याचा, सरस व जिलेटिन प्राण्यांच्या कातड्याहाडांचे, आणि छपाईच्या कागदावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर; जर्मनीतील ड्रेस्डेन येथे या कागदाच्या कारखान्यांत दररोज हजारो अंडी फोडली जात. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रण जीवहिंसेपासून अलिप्त नव्हते. लेण्यांतील तीर्थंकरांच्या मूर्ती ज्या कागदावर जगभर पोहोचल्या, तो कागदही असाच होता. प्लॅटिनमच्या छपाईची पद्धत १८७३ मध्ये निघाली होती आणि तीत बलकाचा थर लागत नसे. मात्र ती महाग. कापडी भातेही पुढे आले. तथापि त्या पिढीपुढे पर्याय थोडेच होते, आणि आजच्या सोयीच्या काळातून तिचा न्याय करणे उचित नव्हे.

मोठ्या कॅमेऱ्याची आणखी एक मर्यादा होती. तो लपवून चित्र घेता येत नाही. शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात निजाम सरकारने जी मदतकार्ये काढली, त्यांची छायाचित्रे दीनदयाळांच्या संस्थेने घेतली आहेत. तिवई रोवून, माणसे उभी करून, सर्वांनी स्तब्ध राहावे अशा बेताने घेतलेले चित्र सरकारची व्यवस्था उत्तम दाखविते. भुकेची घालमेल त्यात उतरत नाही. तरीही त्या काळच्या मराठवाड्यातील सामान्य माणसांचे चेहरे पाहावयाचे तर अशा चित्रांकडेच जावे लागते.

लाकडी कॅमेरा त्यानंतरही बराच काळ टिकला. केरळातील आलप्पुळा येथे विसाव्या शतकाच्या मध्यास ‘वागीश्वरी’ नावाचे सागवानी कॅमेरे तयार होऊ लागले आणि देशभरातील स्टुडिओंत गेले. लहान फिल्मचे कॅमेरे सर्वत्र झाल्यावर त्यांचे दिवस संपले.

जतनाच्या दृष्टीने काच ही विचित्र वस्तू आहे. ती कागदासारखी आकसत नाही, नंतरच्या काही फिल्मप्रमाणे पेट घेत नाही. पण हातातून सुटली की संपली. कॅनव्हासही सुरक्षित नव्हता. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. दीनदयाळ १९०५ मध्ये निवर्तले. त्यांच्या संस्थेच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २,८५७ प्लेटा १९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या आणि त्या तेथे जतन केल्या गेल्या. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.