करार संपला, तरी खेळाडू मोकळा होतो का? एनबीएच्या वेतनमर्यादेचा इतिहास

१/ करार संपला की माणूस मोकळा होतो, हा व्यवहारातला साधा नियम. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये १९७६ पर्यंत तो लागू नव्हता. करारपत्रातील राखीव कलमामुळे मुदत संपल्यावरही खेळाडूवरचा हक्क जुन्या संघाकडेच राही. मालक देईल ते वेतन स्वीकारावे किंवा लीग सोडावी, एवढेच त्याच्या हाती असे.

२/ १९६७ मध्ये एबीए ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. खेळाडूंच्या कौशल्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि वेतने झपाट्याने चढू लागली. १९७० मध्ये दोन्ही लीगच्या विलीनीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेऊन न्यायालयात धाव घेतली.

३/ हा खटला सहा वर्षांनी तडजोडीने मिटला. १९७६ मध्ये एबीएचे चार संघ एनबीएत सामील झाले आणि राखीव कलम मोडीत निघाले. तरीही वाट पूर्ण मोकळी नव्हती. प्रारंभी नव्या संघाला जुन्या संघाची भरपाई करावी लागे. पुढे ही अट गेली, पण बाहेरून आलेल्या प्रस्तावाइतकी रक्कम देऊन खेळाडू राखून ठेवण्याचा अधिकार जुन्या संघाला मिळाला.

४/ १९८० च्या दशकारंभी अनेक संघ तोट्यात होते. चढत्या वेतनांवर बंधन हवे, हा मालकांचा आग्रह. तर संघटनेने संपाची तयारी चालवलेली. संघटनेचे वकील लॅरी फ्लायशर आणि लीगच्या बाजूचे डेव्हिड स्टर्न यांच्या वाटाघाटींतून ३१ मार्च १९८३ रोजी तोडगा निघाला. लीगच्या उत्पन्नातील ५३ टक्के वाटा खेळाडूंना हमखास मिळणार होता; त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा पडणार होती.

५/ १९८४-८५ च्या हंगामात ही मर्यादा ३६ लाख डॉलर ठरली. मुक्त खेळाडूच्या दृष्टीने प्रश्नाचे स्वरूपच त्या दिवशी बदलले. जाण्याचा हक्क न्यायालयीन लढ्यातून मिळाला होता. पण ज्या संघात जायचे, त्याच्या मर्यादेत तेवढी जागा शिल्लक हवी. हक्क कागदावर असून जागा नसेल, तर त्याचा उपयोग काय?

६/ या मर्यादेला एक मोठी पळवाटही होती. संघाला स्वतःचा खेळाडू राखायचा असेल, तर मर्यादा ओलांडण्याची मुभा होती. बोस्टनच्या लॅरी बर्ड यांच्या नावाने ही सवलत ओळखली जाते. परिणामी घरचा संघ नेहमीच अधिक देऊ शके, आणि बाहेरच्या संघाला खेळाडू आणण्याआधी आपली जागा रिकामी करावी लागे.

७/ पूर्ण अर्थाने मुक्त खेळाडू अवतरण्यास १९८८ उजाडले. नव्या करारानुसार दीर्घकाळ खेळलेल्यांना जुन्या संघाच्या संमतीविना जाता येऊ लागले. टॉम चेंबर्स हे त्यांतले पहिले. ते सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेले.

८/ जागा रिकामी करणे म्हणजे काय, हे १९९६ मध्ये दिसले. शकील ओ'नील यांना ऑरलँडोकडून खेचण्यासाठी लॉस एंजेलिस लेकर्सनी आपले मध्यवर्ती खेळाडू व्लादे दिवाच शार्लटला देऊन टाकले आणि बदल्यात कोबी ब्रायंट या नवोदिताचे हक्क घेतले. ओ'नील यांच्याशी सात वर्षांचा, सुमारे १२ कोटी डॉलरचा करार झाला. एकाच्या स्वातंत्र्यासाठी दुसऱ्याला, त्याची इच्छा नसतानाही, गाव सोडावे लागले.

९/ त्याच वर्षी शिकागोने मायकेल जॉर्डन यांना एका हंगामासाठी ३ कोटी डॉलरहून अधिक दिले. संपूर्ण संघाची मर्यादा तेव्हा सुमारे २ कोटी ४३ लाख होती! १९९७ मध्ये केव्हिन गार्नेट यांना मिनेसोटाने सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख देऊ केले. तीन वर्षांपूर्वी तो अख्खा संघ याहून कमी किमतीत विकला गेला होता. मालक हादरले.

१०/ जुलै १९९८ मध्ये टाळेबंदी झाली. ती जानेवारी १९९९ मध्ये उठली आणि हंगाम ५० सामन्यांवर आला. आता प्रत्येक खेळाडूच्या वेतनालाही कमाल सीमा पडली. मर्यादा भरलेल्या संघांना मधल्या फळीतील खेळाडू घेण्यासाठी स्वतंत्र सवलत मिळाली. म्हणजे शिखर छाटले गेले आणि मध्याला आधार मिळाला.

११/ याचा एक परिणाम बहुधा कुणी योजला नव्हता. सर्वोत्तम खेळाडूला कुठेही जवळपास सारखेच पैसे मिळणार असतील, तर तो पैशाऐवजी सोबती निवडतो. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश मायामीत एकत्र आले, ते तिघेही कमाल वेतनापेक्षा थोडे कमी घेऊन; कारण उरलेल्या संघासाठी जागा हवी होती.

१२/ २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचा लीगचा प्रस्ताव संघटनेने आधीच नाकारला होता. आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटकडे अचानक जागा झाली आणि केव्हिन ड्युरंट तिथे गेले. त्याच उन्हाळ्यात ज्यांचे करार संपले, त्या सामान्य खेळाडूंचेही भाग्य उजळले. पुढच्या वर्षी मर्यादेची वाढ जेमतेम ५ टक्क्यांवर आली.

१३/ म्हणूनच २०२३ च्या करारात मर्यादेची वार्षिक वाढ १० टक्क्यांवर रोखण्यात आली. रॉबर्टसन यांनी मिळवलेला हक्क आजही अबाधित आहे. मात्र त्या हक्काचे मोल खेळाडूच्या गुणवत्तेइतकेच त्याचा करार कोणत्या वर्षी संपतो आणि त्या वर्षी कोणाकडे जागा उरते, यावर ठरते. १९७६ पूर्वी त्याची वाट मालक अडवत असे. आता ती हिशेबाची वही अडवते. फरक इतकाच, की त्या वहीवर खेळाडूंच्या संघटनेचीही सही आहे.