आकडा की पत्ता? संगणकाच्या स्मृतीतला एक जुना संशय

न्यायदर्शनात संशयाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. अंधुक उजेडात समोर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही असते, तिच्यावरून निर्णय होत नाही. हातपाय दिसले, म्हणजे 'विशेष' दिसला, की संशय फिटतो. संगणकाच्या स्मृतीत खांबाच्या जागी आकडा आणि माणसाच्या जागी पत्ता असतो. दोन्ही शेवटी शून्य-एकच्याच ओळी.

जॉन मॅकार्थी यांची लिस्प भाषा एमआयटीत आयबीएम ७०४ या यंत्रावर उभी राहिली. त्याचा शब्द ३६ बिटांचा, त्यात १५-१५ बिटांचे दोन पत्ते मावत. १९६० च्या निबंधात त्यांनी रीत सांगितली: जागा संपली की ठरलेल्या मूळ ठिकाणांपासून निघायचं, पत्त्यावरून पत्त्यावर जायचं, भेटेल त्या शब्दाचं चिन्ह ऋण करायचं. ज्यावर खूण नाही ते मोकळं. याला पुढे जगभर गार्बेज कलेक्शन म्हणू लागले. त्या निबंधात मात्र हा शब्द नाही!

आता अडचण बघा. ऋण चिन्ह हा आकड्याचाच भाग. तिथे खूण केली तर पाचाचे उणे पाच व्हायचे. म्हणून १९६२ च्या लिस्प १.५ मध्ये आकड्यांना वेगळी वस्ती दिली आणि त्यांच्या खुणांसाठी बिटांचा निराळा तक्ता केला.

पुढे बाइटची यंत्रं आली. त्यांत वस्तू बहुधा ८ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवतात. याला अलाइनमेंट म्हणतात. कारण साधं आहे, तसं ठेवलं की वाचायला सोपं जातं; काही यंत्रं तर वेड्यावाकड्या जागचा दशांश आकडा वाचतच नाहीत. पण त्यातून एक फुकटचा लाभ झाला. अशा पत्त्याचे शेवटचे तीन बिट नेहमी शून्य! समजा, सीताबर्डीच्या एखाद्या गल्लीत घरांना ८, १६, २४ एवढेच नंबर आहेत. कुणी ११ म्हणालं, तर ते घर नव्हे, हे न जाताच कळतं. मात्सुमोतो यांच्या रुबी भाषेत नेमकं हेच आहे. लहान पूर्णांक दुप्पट करून त्यात एक मिळवतात. ५ चे ११. विषम, म्हणजे पत्ता नाही. कलेक्टर तिकडे फिरकत नाही. दशांश आकड्याला मात्र ६४ च्या ६४ बिट लागतात, खुणेला जागा उरत नाही. म्हणून पुष्कळ इंटरप्रिटर त्याला स्वतंत्र पेटी देतात.

सी भाषेत अशी खूणच नाही. बोम आणि वाइझर यांनी १९८८ मध्ये भूमिका घेतली की संशय असेल तर पत्ताच समजा. मला ती पटते. आकड्याला पत्ता मानलं तर थोडी जागा अडते. पत्त्याला आकडा मानलं तर वापरातली वस्तूच कचऱ्यात जाते. दोन चुका सारख्या नाहीत.

आणि पत्ता आहे हे ठरलं, तरी तिथे पुन्हा कुणी जाणार आहे का? हा प्रश्न आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत, उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ च्या निबंधात हाताळला. प्रोग्रॅम आधीच तपासून, जो पत्ता पुढे वापरला जाणार नाही तो ते पुसून टाकतात, मग कलेक्टरला ती जागा उचलता येते.