हंगेरियन लोकगीते आणि बार्तोकची हार्मनी

लिस्टच्या हंगेरियन रॅप्सोडींचा आधार प्रामुख्याने जिप्सी वादकांचे शहरी संगीत हा होता. शेतकऱ्यांची गीते बेला बार्तोक व झोल्तान कोदाय यांनी खेडोपाडी फिरून संकलित केली आणि १९०६ मध्ये वीस गीते पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली. खरा प्रश्न साथीचाच होता. जुन्या वळणाच्या गीतांचा पाया पंचस्वरी असतो (आपल्या धानीची स्वरावली आठवावी). षड्जाकडे ओढ घेणारा शुद्ध निषाद तीत नाही. अशा चालीवर जर्मन वळणाची पंचम-षड्ज समाप्ती लादणे म्हणजे ती मोडणेच. बार्तोकने कोमल निषाद विसंवादी न मानता त्यास स्थिर स्वरसंघातात स्थान दिले. मात्र १९२० च्या ‘इम्प्रोव्हिझेशन्स’मध्ये साथच प्रधान झाली, चाल निमित्तमात्र उरली.